बाप्पा निघाले की मूल का रडते? सणांच्या निमित्ताने लहान मुलांना भावनांची ओळख

दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या आगेमागे एकाच धाटणीच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. तीन-चार वर्षांचे एखादे मूल पाटावर ठेवलेल्या मूर्तीला घट्ट मिठी मारून बसलेले असते, ‘माझ्या बाप्पाला नेऊ नका’ म्हणून हमसून हमसून रडत असते आणि चित्रण करणाऱ्या मोठ्या माणसांच्या हसण्याचा आवाज मागून येत असतो. चित्रफीत गोड वाटते, ती पुढे पाठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळे ती विसरतात. त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर मात्र घडलेले असे असते: दहा दिवस घरात जो पाहुणा होता, ज्याला रोज आपल्या हाताने दूर्वा वाहिल्या, ज्याच्यामुळे चुलत-मावस भावंडे जमली, तो आता पाण्यात बुडवला जाणार आहे, आणि हे ठरवणारी माणसे ‘मोरया’ म्हणत जल्लोष करत आहेत.

अशा वेळी घरातून साधारणपणे ठरलेले प्रतिसाद मिळतात. कोणी हसते, कोणी ‘रडायचं नाही हं, शहाणा ना तू’ म्हणून गप्प करते, तर कोणी हातात मोदक किंवा मोबाइल देऊन विषय बदलते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण आपल्याला आत्ता जे होते आहे ते काय आहे, त्याला काही नाव आहे का, ते इतरांनाही होते का, याचे उत्तर मुलाला यांपैकी कशातूनच मिळत नाही.

ते उत्तर देणे आता केवळ पालकांच्या मर्जीवर सोडलेले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. या टप्प्यासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्वतःच्या भावना समजून घेणे व त्या सांभाळणे हे उद्दिष्ट अक्षरओळख आणि अंकओळखीच्या बरोबरीने मांडले आहे. त्यामुळे अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई आणि पालक या सर्वांपुढे प्रश्न येतो की राग किंवा भीती ही काही फळ्यावर लिहून शिकवण्याची गोष्ट नाही, मग ती शिकवायची कधी आणि कशी? माझे म्हणणे असे की आपल्या दिनदर्शिकेवरचे सण हे त्यासाठी सर्वांत सोयीचे निमित्त आहे. मात्र शिकवण्याची खरी वेळ सणाच्या आधीची आणि नंतरची आहे, ऐन गडबडीची नाही.

## भावना ओळखणे म्हणजे काय?

आपल्याला किंवा समोरच्याला काय वाटते आहे हे ओळखणे, त्याला नाव देणे आणि ते कशामुळे वाटले हे सांगता येणे, या क्षमतेला शिक्षणक्षेत्रात ‘भावनिक साक्षरता’ म्हणतात. हा शब्द एवढ्यापुरताच. पुढे त्याची गरज पडणार नाही.

लहान मुलाला भावना प्रथम शरीरात कळते. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, घसा दाटतो, कानशिले गरम होतात, मुठी आवळल्या जातात. या सगळ्याला शब्द नसल्यामुळे मूल हाताशी असलेला एखादा शब्द वापरते, आणि तो पुष्कळदा ‘पोटात दुखतंय’ हा असतो. शाळेत निघायच्या वेळी दुखणारे पोट हे दर वेळी नाटक नसते, कारण काळजीने पोटात खरोखरच कालवाकालव होते.

मुलांच्या मनात भावनांचे वर्गीकरण आरंभी फार ढोबळ असते. बरे वाटणे आणि बरे न वाटणे असे दोनच ढीग असतात. त्यातला आनंद सर्वांत आधी वेगळा निघतो, पुढे राग आणि दुःख यांत फरक कळू लागतो, भीती, आश्चर्य व किळस त्यानंतर स्पष्ट होतात, आणि लाज, हेवा, अपराधी वाटणे यांना आणखी वेळ लागतो. म्हणून साडेतीन वर्षांचे मूल रडत असताना ‘मला राग आला’ म्हणाले तर ते चुकले असे समजून लगेच दुरुस्ती करू नये. त्याने नकोशा वाटणाऱ्या ढिगातला त्याला माहीत असलेला शब्द उचललेला असतो. एकाच वेळी दोन विरुद्ध भावना असू शकतात, म्हणजे मामाकडे जाण्याचा आनंदही आहे आणि आईला सोडून जाण्याचे दुःखही आहे, हे नीट सांगता येणे तर बहुतेकांना सात-आठ वर्षांच्या आसपास किंवा त्याही पुढे जमते. बालवाडीतल्या मुलाला ‘आधी काय वाटलं? मग काय वाटलं?’ असे क्रमाने विचारणे अधिक सोपे जाते.

किती भावना शिकवायच्या याबद्दल उगाच धास्ती नको. भरताच्या नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायिभाव सांगितले आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या प्रसिद्ध यादीत सहा मूलभूत भावना आहेत आणि दोन्ही याद्या बऱ्याच ठिकाणी जुळतात. बालवाडीला यांपैकी एकही यादी पुरी करायची नाही. आनंद, राग, वाईट वाटणे आणि भीती एवढ्यांनी सुरुवात होते. मग रुसणे, हिरमुसणे, कंटाळा, हेवा, लाज, चिडचिड असे घरात रोज कानावर पडणारे शब्द प्रसंगाप्रसंगाने येत राहतात.

## नाव दिल्याने नेमके काय होते?

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याचे नाव अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सावध करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. 2007 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ व्यक्तींना राग, भीती वगैरे दाखवणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. चेहऱ्यावरच्या भावनेला योग्य शब्द निवडताना त्यांच्या अमिग्डालाची हालचाल, त्याच चेहऱ्याला पुरुषाचे किंवा स्त्रीचे नाव निवडताना होणाऱ्या हालचालीपेक्षा कमी आढळली, आणि कपाळामागचा विचार व संयमाशी निगडित असलेला एक भाग अधिक कार्यरत दिसला.

हा प्रयोग मोठ्या माणसांवर झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. कपाळामागचा तो भाग पक्व व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते; तीन-चार वर्षांच्या मुलाकडून केवळ शब्दाच्या बळावर शांत होण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. गरम पातेले चुलीवरून उतरवायला सांडशी लागते. सांडशीने पातेले थंड होत नाही, पण हात न भाजता ते बाजूला ठेवता येते. भावनेचे नाव हे मुलाच्या हाती दिलेल्या अशा सांडशीसारखे असते, आणि ती धरायची कशी हे शिकेपर्यंत मोठ्या माणसाचा हात सोबत असावाच लागतो.

यातून एक व्यवहारातला नियम निघतो. मूल आकांत करत असताना शिकवणी घेऊ नये. त्या वेळी जवळ बसणे, त्याला किंवा इतरांना इजा होणार नाही हे पाहणे आणि हळू आवाजात ‘खूप वाईट वाटलंय ना, मी इथेच आहे’ एवढे म्हणणे पुरे. बाकीचे बोलणे रडणे ओसरल्यावर, कदाचित रात्री अंथरुणावर पडल्यावर.

## सणच कशाला हवेत?

रोजच्या दिवसातही मूल रागावते आणि घाबरते, मग सणांची गरज काय, असा प्रश्न येणे साहजिक आहे. सणाचा फायदा हा की त्यातल्या भावना आधीच ठाऊक असतात. घसरगुंडीवर भांडण कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण विसर्जन कोणत्या तारखेला आहे, फटाके कोणत्या आठवड्यात वाजतील, हे दिनदर्शिकेत छापलेले असते. जी तीव्र भावना तारीख सांगून येणार आहे तिची तयारी करता येते. शिवाय सणात वास, चव, स्पर्श, आवाज असे सगळे असते. पहाटेची थंडी, अंगाला खरखरीत लागणारे उटणे आणि कढत पाणी यांच्या बरोबरीने आलेली चिडचिड मुलाला आठवडाभरानंतरही आठवते, आणि तिच्याबद्दल बोलता येते. सण दरवर्षी परत येतो हेही महत्त्वाचे, कारण गेल्या वर्षी फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेले मूल यंदा खिडकीपर्यंत आले, हे त्यालाही सांगता येते.

साहित्यासाठी खर्चही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात जे बालशिक्षण उभे केले त्याचा भर मुलांच्या भोवती सहज मिळणाऱ्या वस्तूंवर होता. भावनांच्या बाबतीतही शाडूची माती, पणत्या, बोरे आणि जुने कापड एवढे पुरते. बाजारात मिळणाऱ्या गोंडस चेहऱ्यांच्या महागड्या संचांवाचून काहीच अडत नाही.

## विसर्जन: निरोपाचे दुःख

तयारी मूर्ती आणण्याच्या दिवसापासून करावी. दीड, पाच, सात किंवा दहा, जितके दिवस घरी गणपती असेल तितकी जास्वंदाची फुले कागदाच्या पट्टीवर काढावीत आणि रोज आरतीनंतर मुलाला एक फूल रंगवू द्यावे. शेवटच्या फुलापाशी पाण्याचे चित्र असावे. ‘नंतर’ आणि ‘परवा’ हे शब्द या वयात धूसर असतात, पण न रंगवलेली फुले कमी होत आहेत हे डोळ्यांना दिसते. विसर्जन हा धक्का न राहता अपेक्षित निरोप होतो.

दुसरे काम मातीचे. बालवाडीत शाडूचा एक-एक गोळा देऊन मुलांना हवा तसा गणपती, उंदीर किंवा नुसताच लाडू करू द्यावा. वाळला की पाण्याच्या बादलीत सोडावा. पुढचा भाग घाईने उरकू नये. माती आधी बुडबुडे सोडते, मग कडा झडतात, सोंड गळून पडते, आणि काही वेळाने तळाशी मऊ गाळ उरतो. मुले बादलीभोवती उकिडवी बसून हे पाहतात. एखादे म्हणते, ‘ताई, त्याचा कान गेला!’ एखाद्याचा चेहरा पडतो. ताईने इथे स्वतःपासून सुरुवात करावी: ‘मी इतका छान उंदीर केला होता, तो विरघळला. मला थोडं वाईट वाटतंय, इथे घशात दाटल्यासारखं होतंय. तुला काय होतंय?’ कोणी ‘मला मज्जा आली’ म्हणाले तर तेही बरोबरच आहे. सर्वांना दुःख झालेच पाहिजे असा आग्रह धरला की मुले ताईला हवे ते उत्तर देऊ लागतात. दुसऱ्या दिवशी तळाची माती कुंडीत घालून मेथीचे दाणे पेरावेत.

घरी निरोपाचे विधी मुलाच्या हातून होऊ द्यावेत. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, सोबत दही-पोह्यांची किंवा दहीभाताची शिदोरी देतात, आणि अनेक घरांत विसर्जनाच्या ठिकाणची थोडी वाळू किंवा माती पाटावर परत आणून तिची आरती करतात. आपल्या पूर्वजांना मोकळ्या पाटाकडे पाहणे जड जात असावे असे मला नेहमी वाटते. शिदोरीची पुरचुंडी बांधणे आणि परत आणलेल्या वाळूवर फूल वाहणे ही कामे चार वर्षांच्या मुलाला सहज जमतात. दुःखाच्या वेळी हाताला काम असणे मोठ्यांनाही उपयोगी पडते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘बाप्पा आपल्या घरी गेले, पुढच्या वर्षी येतील’ हे वाक्य ठीक आहे. पण त्याच घरात आजोबा वारल्यावर ‘आजोबा देवाघरी गेले’ असे सांगितले असेल, तर मूल दोन्ही वाक्यांची बेरीज करते आणि पुढच्या भाद्रपदात आजोबांची वाट पाहते. या वयात शब्दाचा अर्थ शब्दशः घेतला जातो. म्हणून बाप्पा पुन्हा येणार आहेत, आजोबा येणार नाहीत आणि दोन्हींचे वाईट वाटू शकते, हे वेगवेगळे आणि सरळ सांगावे.

## फटाके, नरकासुर आणि भीती

फटाक्यांची भीती हा भित्रेपणा नव्हे. निवासी भागात दिवसाच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि फटाक्याला चार मीटर अंतरावर 125 डेसिबलपर्यंत मुभा आहे. अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने दचकणे तर जन्मापासूनच असते. त्यामुळे ‘काही घाबरायचं नाही, बघ दादा कसा उडवतोय’ या वाक्यातून मुलाला एवढेच कळते की आपल्या शरीराने दिलेली सूचना चुकीची आहे. त्याऐवजी ‘आवाज मोठा आला, तू दचकलास, भीती वाटली, आता आपण आत उभे राहून बघू’ असे म्हटले तर भीतीला नाव मिळते आणि त्यावर उपायही.

भीती किती वाटते हे सांगण्यासाठी पणत्या उपयोगी पडतात. न पेटवलेल्या पाच पणत्या ओळीने ठेवाव्यात. थोडी भीती वाटत असेल तर एक पणती पुढे सरकवायची, खूप वाटत असेल तर पाचही. लवंगी माळ दुरून ऐकली तर किती? फुलबाजी हातात धरायची म्हटली तर किती? बाबांच्या कडेवर बसून गच्चीतून बाण पाहिला तर किती? पाच पणत्यांच्या प्रसंगाला अजिबात न जाता दोन पणत्यांच्या प्रसंगापासून सुरुवात करावी, आणि तीनवर मूल थांबले तर तिथेच थांबावे. हाच खेळ राग, आनंद, आतुरता यांनाही चालतो. ‘जास्त-कमी’ सांगता आले की मुलाला एक मोठी गोष्ट कळते: भावना असते किंवा नसते असे नाही, ती वाढते आणि ओसरते.

गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमांचे दहन होते. आदल्या रात्री चौकाचौकात उभे असलेले ते धूड पाहून लहान मुले आईच्या पदराआड लपतात. तिथल्या पोरांना हा अनुभव टाळता येणार नाही, पण आठवडाभर आधी घरी वीतभर नरकासुर करता येतो. काठ्या, गवत, जुने वर्तमानपत्र, वर रंगवलेला मुखवटा. ज्याच्या पोटात आपणच गवत भरले त्याची भीती निराळी असते. नाताळात लाल कपड्यांतल्या, दाढीवाल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर छायाचित्रासाठी बसवलेल्या मुलाचेही असेच असते. दाढी आधी घरच्या काकांनी समोर लावून आणि काढून दाखवावी, आणि तरी मूल नको म्हणाले तर छायाचित्र सोडून द्यावे.

बोरन्हाणाचा प्रकार तर खास या वयाचाच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा असे ओततात. भोवतीची मुले ते वेचायला तुटून पडतात. मधले मूल पुष्कळदा भोकाड पसरते, आणि त्याचे कारण उघड आहे: टोचणारे दागिने, डोक्यावर मारा आणि अंगावर येणारी गर्दी. आदल्या दिवशी बाहुलीचे बोरन्हाण मुलाच्याच हातून करून घ्यावे, आधी हातावर चार चुरमुरे टाकून पाहावेत आणि वेचणाऱ्या मुलांना हातभर लांब बसवावे.

## हेवा आणि रुसवा

या भावनांना आपण नावे ठेवतो, त्यामुळे मुले त्या लपवायला लवकर शिकतात. दिवाळीतला किल्ला हा त्यांचा आखाडा. मावळे कोणी मांडायचे, बुरुज कोणी मोडला, शेजारच्या वाड्याचा किल्ला उंच कसा, यावरून जे होते ते प्रत्येकाने पाहिले आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून नेतात तेव्हा दुसऱ्याच्या मोठ्या बैलाकडे पाहणारे डोळे तेच सांगतात. ‘असं म्हणू नये, आपलाच बैल छान’ या उत्तराने हेवा जात नाही. ‘त्याचा बैल मोठा आहे, तुलाही तसा हवासा वाटतोय. याला हेवा म्हणतात, मलाही कधी कधी वाटतो’ हे ऐकल्यावर मूल निदान आपण एकटेच वाईट आहोत या समजातून सुटते.

## राग जाळून टाकता येतो का?

दसऱ्याच्या सुमारास शाळांमधून एक उपक्रम हमखास होतो. रावणाची दहा तोंडे काढायची, प्रत्येकावर राग, भीती, मत्सर, आळस असे लिहायचे आणि मग कागद फाडायचा किंवा जाळायचा. होळीलाही ‘आपला राग होळीत टाकू या’ असे केले जाते. मोठ्यांसाठी हे रूपक म्हणून ठीक असेल. बालवाडीत ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तीन-चार वर्षांचे मूल त्यातून एवढेच घेते की राग येणे वाईट आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राग आला की आपण वाईट ठरलो. राग ही सूचना आहे. आपल्यावर अन्याय झाला, वस्तू हिसकावली गेली, भूक लागली, असे काहीतरी ती सांगत असते. बंधन घालायचे ते वागण्यावर. राग आला तर चालेल, मारलेले चालणार नाही, ही दोन वाक्ये एकत्रच बोलायची सवय लावावी.

रावण करायचाच असेल तर त्याची दहा तोंडे दहा भावनांची करावीत: एक हसरे, एक रुसलेले, एक दचकलेले, एक कंटाळलेले. मधले तोंड कापून तिथे मुलाने स्वतःचा चेहरा घालावा आणि आज यातले कुठले तोंड आपले ते सांगावे. होळीची बोंबही उपयोगी आहे. ताईने हात वर केला की सर्वांनी जोरात ओरडायचे, हात खाली आला की एकदम गप्प. मोठ्या आवेगात असताना थांबता येणे हे कौशल्य या खेळात पोट धरून हसता हसता घोटले जाते. रंगपंचमीला ‘रंग लावू का?’ असे विचारून, नाही म्हटले तर हात मागे घेण्याचा सराव तर मोठ्यांनीही करायला हरकत नाही.

## ‘एवढे लाड कशाला? आम्ही नाही का मोठे झालो?’

हा आक्षेप आजी-आजोबांकडून येतो आणि तो टाकाऊ नाही. पूर्वीच्या घरात आत्या, काकू, भावंडे अशी कोणीतरी रडणाऱ्याला पोटाशी धरणारी माणसे असत, आणि ‘कशी हिरमुसली गं पोर’ असे सहज बोलून जात. नाव देण्याचे काम तिथे न ठरवता होत होते. दोन खोल्यांच्या घरात दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या आई-बापांना तेच काम आठवणीने करावे लागते. भावनेला नाव देणे आणि हट्ट पुरवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘आणखी फुलबाज्या हव्या होत्या, संपल्या म्हणून राग आलाय’ असे म्हणणाऱ्या आईने फुलबाज्यांची दुसरी पेटी आणायची नसते.

मुलग्यांच्या बाबतीत ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. त्याचा परिणाम असा की मुलग्याला दुःख, भीती आणि लाज या तिन्हींसाठी एकच मान्यताप्राप्त मार्ग उरतो, तो म्हणजे राग.

## ‘वर्गात सगळ्यांचे सण सारखे नसतात’

नसतातच, आणि त्यामुळे उपक्रमाला अडचण न येता मदत होते. वर्गात पूजा करायची नसून भावनेबद्दल बोलायचे आहे. ईदचा चंद्र आज दिसेल की उद्या, या प्रतीक्षेइतके आतुरतेचे चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसून आलेल्या मुलाला वाटतो तो अभिमान, आणि हा शब्द इतर सणांतून सहसा शिकवला जात नाही.

सण प्रत्येकाच्या घरी आनंदच आणतो हे गृहीत मात्र धरू नये. घरात सुतक असेल, आई-वडील वेगळे राहत असतील, तर त्या मुलाला ‘दिवाळीत काय मज्जा केली?’ हा प्रश्न अवघड जातो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. कित्येक मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजीपाशी मागे राहतात. त्या मुलांच्या अंगणवाडीत दिवाळीचा विषय हा निरोपाचा विषय असतो, आणि तिथल्या सेविकेने विसर्जनाच्या वेळी शिकवलेला ‘वाईट वाटणे’ हा शब्द महिन्याभरात खरोखर उपयोगी पडतो. ‘दिवाळीत काय काय वाटलं?’ असा मोकळा प्रश्न सर्वांना उत्तर द्यायला जागा ठेवतो.

## ‘चेहऱ्यांचे तक्ते आहेत की’

भिंतीवरचे हसरे-रडके चेहरे ओळखीपुरते ठीक आहेत. पण 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवले की माणसे रागात दर वेळी कपाळाला आठ्या घालत नाहीत आणि आठ्या घातलेला प्रत्येक जण रागावलेला नसतो. आपल्याकडे तर रागावलेली मावशी गप्प बसते आणि लाजलेले मूल हसते. म्हणून चेहऱ्याबरोबर प्रसंग हवा, आणि सण प्रसंगच पुरवतो. रंगांचेही तेच. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख ही जोडी छापील आहे. रांगोळीचा लाल रंग ज्या मुलाला आवडतो त्याने आनंदाला तो वापरला तर बिघडत नाही.

मुलाच्या भावनेला आपण नाव सुचवतो तेव्हा तो अंदाज असतो, निदान नसते. ‘तू रागावला आहेस’ यापेक्षा ‘राग आलाय का? की वाईट वाटलंय?’ हे बरे, आणि मूल ‘नाही, मला भूक लागलीये’ म्हणाले तर ते मान्य करावे.

## याला पुरावा काय?

शाळांतून भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या 213 कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास 2011 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. बालवाडीपासून उच्च माध्यमिकपर्यंतच्या दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा त्यात समावेश होता. वागणूक आणि इतरांशी मिळूनमिसळून राहणे यांत सुधारणा आढळलीच, शिवाय अभ्यासातील कामगिरीतही सरासरी 11 शतमकांची, म्हणजे शंभर विद्यार्थ्यांच्या क्रमवारीत सुमारे 11 क्रमांकांची, वाढ दिसली. हे निष्कर्ष नियमित आणि ठरवून चालवलेल्या शालेय कार्यक्रमांचे आहेत. वर्षातून एकदा शाडूचा उंदीर विरघळवला म्हणून ते लाभ मिळतील असे कोणी समजू नये. सणाने शब्द मिळतो. तो पक्का होतो मंगळवारी दुपारी डबा सांडल्यावर पुन्हा वापरल्याने.

काही मुलांना मात्र शब्दांपेक्षा वेगळी मदत लागते. मूल फटाक्यांनाच नव्हे तर मिक्सर, कुकरची शिट्टी अशा रोजच्या आवाजांनाही कान दाबून ओरडत असेल, नजरेला नजर देत नसेल, आधी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल किंवा त्याचे आकांत रोजचे आणि दीर्घ असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. गरज असल्यास तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवले जाते, आणि ही सेवा मोफत आहे.

## मोठ्यांच्या भावनांचे काय?

सणाच्या दिवसांत घरात सर्वांत जास्त चिडचिड कोणाची होते हे सांगायला नको. बोनस आलेला नसतो, सुट्टी मिळालेली नसते, पाहुणे उद्यावर आलेले असतात आणि भाजणीत मोहन जास्त झाल्याने सोऱ्यातून पडलेली चकली तेलात विरघळत असते. मूल हे सगळे पाहते आणि बहुतेक वेळा त्याचा दोष स्वतःकडे घेते. उपक्रमासाठी वेळ नाही म्हणणाऱ्या पालकांना याच ठिकाणी सुरुवात करता येते, कारण त्याला निराळा वेळ लागत नाही. झारा बाजूला ठेवून ‘चकली विरघळतेय म्हणून मी वैतागले आहे, तुझ्यावर नाही. गॅस बंद करते, पाणी पिते आणि पीठ पुन्हा मळते’ असे म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. या वाक्यात भावनेचे नाव आहे, तिचे कारण आहे आणि पुढे काय करायचे तेही आहे. शेजारी पिठाचे नाग करत बसलेल्या मुलाने ते ऐकलेले असते, आणि चार दिवसांनी किल्ल्याचा बुरुज ढासळल्यावर ते ‘मी वैतागलो, पाणी पितो’ असे म्हणण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते.